चाकू ठेव, पण लॉकचा नको

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चाकूचा फोटो आईने काल दाखवला. ‘इतका सडपातळ आहे की खिशात आहे हे कळतही नाही,’ असं लिहिलंयस. चाकू देखणा आहे, पण रात्री मला झोप लागली नाही. फोटो मोठा करून पाहिला, तर पातं उघडल्यावर अडकून बसतंय, आतली पट्टी सरकवल्याशिवाय मिटणार नाही. म्हणजे लॉकचा.

तिथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, १९८८च्या कायद्याप्रमाणे घडीचा चाकू विनाकारणही खिशात ठेवता येतो. फक्त धार ३ इंचांपर्यंत हवी आणि पातं लॉक होणारं नको. लॉक असला की पातं कितीही छोटं असो, सबळ कारण दाखवावं लागतं. नाही दाखवता आलं तर ४ वर्षांपर्यंत कैद. ‘पार्सल उघडायला लागतो’ हे रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला पटेल? तू परक्या मुलखात, विद्यार्थी व्हिसावर. शिमग्यात गणूकाकाचं काय झालं ते तू पाहिलंयस. त्यानेही चाकू बाहेर काढला नव्हता, नुसता खिशात सापडला.

असो. हे एवढंच लिहायचं नव्हतं.

खरं तर फोटो पाहून आधी अप्पा आठवले. त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात कायम चाकू असायचा, शेफील्डचाच, जोसेफ रॉजर्सचा. पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रूस. तू त्याच गावात शिकायला गेलास याचं मला फार अप्रूप आहे, तुला कधी बोललो नाही. पावसाळ्यात आंब्याची कोयकलमं बांधायला बसले की अप्पा कुणाशी बोलत नसत. तांबूस पानांचं कोवळं रोप वरून छाटायचं, बुंध्यात मधोमध उभी चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप देऊन पाचर करायची, ती चिरेत बसवून पट्टीने घट्ट बांधायची. काप एका ओढीत गुळगुळीत यायला हवा. पातं जाड असेल तर कोवळी साल चेचते आणि कलम धरत नाही. म्हणून त्यांना पातळ चाकूच लागे. चिकाने पातं काळं पडायचं, ते लगेच पुसून खोबरेल लावायचे. न गंजणारं पोलाद १९१३मध्ये तुझ्या शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीने काढलं, पण अप्पांना आपलं जुनंच प्यारं. धार बसते तशी त्यावर, म्हणायचे.

त्या चाकूला लॉक नाही. पाठीत पोलादी पट्टी आहे, तिच्या दाबावर पातं उघडं राहतं. मिटताना अर्ध्यावर टक् करून थांबतं, तेवढ्यात बोट काढून घेता येतं. सुतळी, सफरचंद, पेन्सिल, पाकीट, रोजच्या कामाला याहून जास्त काय लागतं? टोक खुपसायचं नाही आणि पात्याच्या पाठीवर दाब द्यायचा नाही, एवढं पाळलं की तो बोटावर मिटत नाही. दगडावर धार लावताना पातं फार उभं धरू नकोस, आणि पाणी घेतल्याशिवाय…

बघ, पुन्हा व्याख्यान सुरू झालं. राग मानू नकोस. तू मोठा आहेस, चाकू सांभाळायची अक्कल तुला माझ्या आधी आली असं आईसुद्धा म्हणते. बागेतल्या कामात तुझा हात अप्पांसारखा चालतो, हे मी तिच्यापाशी कितीदा बोललोय.

अप्पांचा चाकू पाठवतोय. फूटपट्टी लावून पाहिली, धार पावणेतीन इंच भरते. मंदाच्या जावेचा मुलगा पुढच्या आठवड्यात निघतोय, त्याला चेक-इनच्या बॅगेत ठेवायला बजावलंय. हातातल्या सामानात सापडला तर विमानतळावरच काढून घेतील. तो मिळेपर्यंत तुझा तो लॉकचा खोलीतच राहू दे, खिशात नको. अप्पांचासुद्धा रात्री गर्दीच्या ठिकाणी जाताना घरी ठेवत जा. वसतिगृहाचे आणि विद्यापीठाचे नियम वेगळे असतील, तेही आधी विचारून घे.

आईने मेतकूट आणि कुळथाचं पीठ दिलंय. गुडघा बरा आहे तिचा, काळजी करू नकोस.

रविवारी फोन करशील तेव्हा आधी हे सांग, की तो लॉकचा खिशातून काढलास ना?

तुझा,
बाबा