इंग्लंडमधल्या वर्डस्लीच्या ताईंना, आमच्या कपाटातल्या काचेबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं 'थँक्यू' लिहून माझं मन भरेना, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आजी-आजोबांच्या काळातली कटग्लासची (म्हणजे चाकावर धरून पैलू पाडलेल्या काचेची) भांडी जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावं असं मनापासून वाटतं.

आजेसासरे 1936 साली विलायतेहून परतले ते एक मोठा बाऊल, सहा ग्लास आणि एक डिकँटर (मद्य ओतून ठेवायची बुचाची सुरई) घेऊन. घरात सगळे त्याला 'वॉटरफर्ड', म्हणजे त्या नावाच्या नामांकित कारखान्याची काच, म्हणत. इथला एक दुकानदार मात्र वस्तू हातातही न घेता "साच्यातला माल आहे" म्हणून मोकळा झाला. तुम्ही दोन्ही मतं बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "आधी पैलूच्या कडेवरून बोट फिरव."

साच्यात दाबून केलेल्या काचेच्या कडा गोलसर, मऊ लागतात आणि बहुतेक वेळा कुठेतरी साच्याच्या सांध्याची रेघ सापडते. आमच्या ग्लासांच्या कडा बोटाला टोचत होत्या. मग तुम्ही ग्लासाच्या तळाला कोरलेला तारा बघायला सांगितलात. एका ग्लासाच्या ताऱ्यातली एक रेघ मधल्या बिंदूच्या केसभर पुढे गेलेली दिसली. चाकावर काच धरणाऱ्या कारागिराचा हात तिथे किंचित जास्त दाबला गेला होता. साच्यातून निघालेले सहाच्या सहा तारे एकसारखे असते. दुकानदाराच्या बोलण्याचा निकाल तिथेच लागला.

वॉटरफर्डचा प्रश्न तर तुम्ही काचेकडे न बघताच सोडवलात. आयर्लंडमधला हा कारखाना 1783 मध्ये सुरू झाला, 1851 मध्ये बंद पडला आणि त्या नावाने पुन्हा काच बनायला लागली ती 1947 मध्ये. म्हणजे 1936 साली आगबोटीत चढलेल्या माणसाने दुकानातून नवा कोरा वॉटरफर्ड घेतलेला असणं शक्यच नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या तीन पिढ्यांत कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

त्यानंतरची ती रविवारची दुपार! तुम्ही फोनवर, मी गॅलरीत. "तळ उन्हात तिरका धर, हळूच तोंडाची वाफ सोड आणि वाफ उडत असताना बघ." आम्लाने कोरलेली खूण इतकी पुसट असते की एरवी ती डागासारखीसुद्धा दिसत नाही. वाफ विरता विरता गव्हाच्या दाण्याएवढी अक्षरं उमटली: स्टुअर्ट. सहाही ग्लासांवर. मी ओरडले आणि तुम्हीही तिकडे ओरडलात!

तुमच्या घराजवळ रेड हाउस या जुन्या काचभट्टीचा जो शंकूसारखा विटांचा मनोरा आहे, तिथलाच हा कारखाना. फ्रेडरिक स्टुअर्ट यांनी ती जागा 1881 मध्ये घेतली आणि 2001 मध्ये तो बंद झाला. नावाची ही खूण मालावर नियमाने यायला लागली ती 1927 च्या सुमारास. म्हणजे ग्लास त्याच्या आधीचे नाहीत आणि 1936 च्या नंतरचेही नाहीत, कारण आजेसासऱ्यांच्या सामानाच्या यादीत त्यांची नोंद आहे. काचेने एक टोक सांगितलं, कागदाने दुसरं. घरातली जुनी बिलं, याद्या, पत्रं रद्दीत घालू नका, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

पण ताई, माझे खरे आभार आहेत ते बाऊलबद्दल. त्याच्यावर खूण नाही. नक्षी ग्लासांच्या नक्षीशी मिळतीजुळती आहे आणि "हाही स्टुअर्टच" असं तुम्ही म्हणाला असतात, तर आम्ही सगळे खूश झालो असतो. तुम्ही म्हणाला नाहीत. चौकटीत चौकट असे हिऱ्याचे पैलू तुमच्या भागातल्या स्टुअरब्रिजच्या आसपासचे सगळेच कारखाने पाडत होते, नुसत्या नक्षीवरून कर्त्याचं नाव लावायचं नसतं, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. नाव लावलं की किंमत वाढते, हे ठाऊक असूनही. जाणकार माणूस मला तिथे दिसला.

डिकँटरचं तर नशीबच उजळलं. बुचाच्या खालच्या टोकावर आणि मानेच्या कडेवर एकच आकडा खरवडलेला आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. प्रत्येक बूच आपापल्या मानेत घासून बसवायचे आणि कारखान्यात अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर सारखा आकडा टाकायचे. म्हणजे बूच मूळचंच आहे, मागाहून जोडलेलं नाही. तळावरचे बारीक ओरखडेही तुम्ही फोटो मोठा करून तपासलेत. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याला ते सगळ्या दिशांनी असतात, मुद्दाम जुनं दाखवायला घासलेल्याला बहुधा एकाच दिशेने.

आणि लोणच्याची सूचना! सासूबाई त्या बाऊलमध्ये लिंबाचं लोणचं भरून ठेवायच्या. या काचेत शिसं असतं, आंबट पदार्थ त्यात दिवसेंदिवस राहिला तर ते उतरतं, म्हणून वाढण्यापुरता वापर ठीक, साठवायला नको, असं तुम्ही बजावलंत. लोणचं त्याच दिवशी चिनीमातीच्या बरणीत गेलं. बाऊलमध्ये आता सणावारी फळं असतात.

मी प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवली आहे. एका बाजूला डोळ्यांना काय दिसलं ते, दुसऱ्या बाजूला त्यावरून काय ठरवलं ते. बाऊलच्या चिठ्ठीची दुसरी बाजू तुमच्या सांगण्याप्रमाणे कोरी आहे.

पुण्याला याल तेव्हा उतरायचं आमच्याकडेच. नणंदेकडे अजून एक खोकं निघालं आहे, ते तुम्ही येईपर्यंत उघडायचं नाही असं आमचं ठरलंय.

तुमची,
पुण्याची धाकटी बहीण