पाय पाळण्यात दिसतात, पण पाळणा कुठल्या महिन्यातला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर एएफएल ड्राफ्टला येणाऱ्या पोरांचा तक्ता आला होता तो वाचला. (एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या क्लबांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडणं.) आधी म्हणजे आनंदच झाला, मराठी पेपरात फुटी, म्हणजे आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल! इथे मेलबर्नमधे राहून मी इतकी वर्षं नातेवाईकांना सांगून दमले की हे रग्बी नव्हे, सॉकर पण नव्हे, मैदान क्रिकेटचं असतं आणि एका बाजूला १८ जण खेळतात. तर तक्ता छान होता. नाव, टीम, उंची, वजन, २० मीटरची वेळ, उडी, सगळं होतं. फक्त जन्मतारीख नव्हती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात आधी हवी होती, म्हणून हे पत्र.

मी कोण तर कोणी एक्सपर्ट वगैरे नाही. माझा मुलगा इथल्या लोकल क्लबात ज्युनियर फुटी खेळतो आणि ज्युनियरमधे पालकांना काही ना काही काम गळ्यात पडतंच, कोणी पाणी नेतो, कोणी घड्याळ सांभाळतो, मला मिळालं गोल अंपायरचं. पांढरा कोट, दोन झेंडे, चार खांबांच्या मागे थंडीत कुडकुडत उभं राहायचं. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा पॉइंट, बाजूच्यातून गेला तर एक. पण त्या जागेवरून एक होतं, बॉल लांब असतो तेव्हा बाकीची पोरं काय करतायत ते लख्ख दिसतं, जे टीव्हीवर कधीच दिसत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. आणि दुसरं म्हणजे तीच पोरं बाराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत दरवर्षी समोर येतात, त्यामुळे कोण कधी उंच झाला, कोणाला कधी मिसरूड फुटलं, हे मला त्यांच्या आयांइतकंच माहिती असतं.

नियम असा आहे की ज्या वर्षीचा ड्राफ्ट त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला १८ पूर्ण व्हायला पाहिजेत. म्हणजे एकाच तक्त्यात जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा शेजारी शेजारी बसतात आणि दोघांमधे जवळजवळ अख्खं वर्ष असतं. पंचविशीतल्या माणसांत एका वर्षाने काय फरक पडतो, काहीच नाही. पण सतराव्या वर्षी एका वर्षात पोरगं चार किलो मांस चढवतं, खांदे रुंद होतात, आणि तुम्ही मात्र तक्त्यात लिहिता की हा ८५ किलो आणि तो ७४ किलो, आणि वाचणारा म्हणतो हा तयार आहे, तो अजून कच्चा आहे. अहो कच्चा नाही, धाकटा आहे!

मॅक्स गॉनचंच बघा. जन्म ३० डिसेंबर १९९१. दोन दिवस उशिरा जन्मला असता तर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टला गेला असता. २००९ च्या ड्राफ्टमधे मेलबर्नने त्याला ३४ व्या नंबरला घेतलं, म्हणजे त्याच्या आधी ३३ पोरांची नावं पुकारून झाली होती. त्यात तो रक, म्हणजे उंच माणसाची जागा, अंपायरने बॉल वर फेकला की उडी मारून आपल्या पोरांकडे ढकलायचा. या जागेवरची पोरं तशीही उशिरा पिकतात, हातपाय आधी लांब होतात आणि अंग मागून येतं. त्याच गॉनच्या कॅप्टनशिपखाली मेलबर्नने २०२१ मधे फ्लॅग, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, १९६४ नंतर पहिल्यांदा. रकची गोष्ट निघालीच आहे तर डीन कॉक्स आणि ऍरन सँडिलँड्स हे दोघं तर मुख्य ड्राफ्टमधून आलेच नाहीत, रुकी, म्हणजे राखीव यादीतले नवशिके, म्हणून मागच्या दाराने आले. पुढे कॉक्स २९० मॅच खेळला आणि सँडिलँड्स २७१.

आता कोणी म्हणेल की बाई, निक डेकॉस पण आहे की, जन्म ३ जानेवारी २००३, म्हणजे त्याच्या बॅचमधला जवळजवळ सगळ्यात मोठा, आणि तो तर पहिल्या दिवसापासून चमकला. बरोबर आहे. क्रिश्चन पेट्राका पण ४ जानेवारीचा, २०१४ च्या ड्राफ्टचा नंबर २, आणि २०२१ च्या फायनलमधे नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे फायनलच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचं, त्यालाच. मी असं म्हणतच नाहीये की जानेवारीची पोरं फुकट मोठी होतात आणि डिसेंबरची सगळी हिरे असतात. महिना बघून टीम निवडायला तो काय पंचांग आहे का. मी एवढंच म्हणते की दोन पोरं तक्त्यात सारखी दिसत असतील आणि त्यातला एक दहा महिन्यांनी लहान असेल तर ती सारखी नाहीत. मार्कस बोंटेम्पेली नोव्हेंबरचा आहे, २०१३ ला वेस्टर्न बुलडॉग्सने चौथा घेतला. त्या वर्षी पहिला टॉम बॉयड होता, उंच, भरलेला, की फॉरवर्ड म्हणजे गोल मारणारा मुख्य उंच खेळाडू, ज्युनियरमधे त्याच्यासमोर कोण उभं राहणार. ग्रेटर वेस्टर्न सिडनीने घेतला, वर्षभरात तो बुलडॉग्सकडेच आला आणि २०१६ ची फायनल दोघं एकत्र जिंकले, बॉयडने तीन गोल मारले त्या दिवशी, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पण २३ व्या वर्षी तो रिटायर झाला आणि बोंटेम्पेली अजून कॅप्टन आहे. याला जन्मतारीख जबाबदार असं मी म्हणणार नाही, माणसाच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी असतात. पण क्लबांचा जीव मोठ्या अंगाच्या पोरावर पटकन जडतो हे खरंच आहे.

खरी गंमत तर ड्राफ्टच्या आधीच होऊन गेलेली असते. व्हिक्टोरियात टॅलेंट लीगच्या, म्हणजे ड्राफ्टच्या वयाच्या पोरांच्या लीगच्या, १२ प्रादेशिक टीम आहेत, ओकली चार्जर्स, सँडरिंगहॅम ड्रॅगन्स, जीलाँग फाल्कन्स, बेंडिगो पायोनियर्स वगैरे, आणि त्यांच्या ट्रायल पंधराव्या सोळाव्या वर्षीच सुरू होतात. तिथे एक वर्ष म्हणजे काय असतं ते मी खांबामागून बघितलंय. एक पोरगं होतं, अंडर १४ पासून माझ्यासमोर, दाढी यायला लागलेली, मार्क घ्यायला, म्हणजे किक मारलेला बॉल हवेतच झेलायला, नुसता हात वर केला की झालं, बाकीची त्याच्या कमरेला लोंबकळायची. दर मॅचला चार पाच गोल. मी झेंडे हलवून दमायची. त्याच्या विरुद्ध दुसऱ्या टीममधे एक काटकुळं पोरगं बॅकला, म्हणजे बचावात, हरायचं रोज, पण मार्क सुटला की बॉल जमिनीवर आल्या आल्या पहिलं तेच वाकलेलं असायचं, आणि बॉल आपल्या टीमकडे गेला की पन्नास मीटर पळत पुढे जायचं, बॉल मिळो न मिळो. डावा पाय पण चालायचा त्याचा. ट्रायलमधे कोण घेतलं गेलं ते सांगायला नको. दोन वर्षांनी बाकीच्यांची उंची पण वाढली आणि त्या मोठ्या पोराला कळेना की आता मार्क का मिळत नाहीये, कारण हात वर करण्यापलीकडे त्याला कधी काही करावंच लागलं नव्हतं. वाईट वाटलं मला, त्याचा तरी काय दोष. काटकुळं मात्र तोपर्यंत बास्केटबॉलकडे गेलं होतं.

म्हणून मला त्या कम्बाइनच्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांच्या, आकड्यांचं फार कौतुक नाही. ऑक्टोबरात मेलबर्नला निवडक पोरांना बोलवतात, २० मीटर पळवतात, जागेवरून आणि पळत येऊन उड्या मारायला लावतात, वळणाची टेस्ट असते, २ किलोमीटर पळायचं असतं. असू दे, काहीतरी कळतंच त्यातून. पण त्यात बॉलसाठी खाली वाकणं कुठे मोजतात? आणि डिस्पोजल, म्हणजे किती वेळा किक किंवा हँडबॉल केला, तो आकडा तर आणखी फसवा, कारण कुठे आणि कोणाविरुद्ध ते लिहितच नाहीत. साउथ ऑस्ट्रेलियात जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१ मधे शाळकरी वयात एसएएनएफएलच्या, म्हणजे तिथल्या राज्य लीगच्या, मोठ्या माणसांत खेळत होता, त्याचे पंधरा आणि अंडर १८ मधले तीस यांची तुलना कशी करणार. तो त्या वर्षी पहिला गेला ते ठीकच होतं. एका वर्षात त्याने नॉर्थ मेलबर्न सोडलं तो वेगळा विषय, घर लांब पडतं या वयात.

२०२० ला तर कहर होता. कोविडमुळे व्हिक्टोरियातली अंडर १८ ची लीगच रद्द झाली, आणि क्लबांनी या पोरांना २०१९ च्या मॅचचे व्हिडिओ बघून निवडलं. म्हणजे सोळा सतराव्या वर्षीचं पोरगं बघायचं आणि अठराव्याचं घ्यायचं. त्या वर्षी उशिरा वाढणाऱ्या पोरांना दाखवायला मैदानच नव्हतं.

एक मात्र बरं की ही दारं आता पूर्ण बंद होत नाहीत. मॅट प्रिडिसला ड्राफ्टमधे कोणी घेतलं नव्हतं, रुकी म्हणून आला आणि २०१४ चं ब्राउनलो मेडल, म्हणजे सीझनमधल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचं, जिंकला. लॅकी नील २०११ ला ५८ व्या नंबरवर गेला, उंची कमी म्हणून, आज त्याच्याकडे दोन ब्राउनलो आहेत. डेन स्वॉन पण ५८ लाच गेला होता, २००१ मधे, आणि पुढे त्यानेही ब्राउनलो जिंकलं. आणि २०१९ पासून सीझनच्या मधेच ड्राफ्ट परत सुरू केला त्यातून मार्लिअन पिकेट रिचमंडला आला आणि २७ व्या वर्षी पहिलीच मॅच थेट ग्रँड फायनल खेळला. पण २७! त्याआधी किती जण सोडून गेले असतील.

आता माझा स्वार्थ पण सांगून टाकते नाहीतर तुम्ही म्हणाल बाई लपवते. माझा मुलगा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. इथे ज्युनियरचे वयोगट पण १ जानेवारीला कापतात, त्यामुळे तो कायम टीममधला सगळ्यात लहान. मागच्या वर्षी एका ट्रायलला गेला होता, कुठल्या ते राहू दे, तिथल्या माणसाने त्याच्याकडे बघून विचारलं, धाकट्या भावाला पण आणलंस का. तो एकटाच गेला होता. घरी येऊन हसत सांगितलं त्याने, मला काही हसू आलं नाही. तो ड्राफ्टला वगैरे जाणार नाहीये, त्याला त्याच्यापेक्षा कॅन्टीनमधल्या मीट पायमधे (खायच्या!) जास्त रस आहे, त्यामुळे त्याच्यासाठी हे लिहीत नाहीये. पण कॅनडाच्या आइस हॉकीत ही जन्ममहिन्याची भानगड १९८० च्या दशकातच अभ्यासकांनी दाखवून दिली होती, आणि इथे अजून पेपरात वजन छापतात आणि तारीख नाही.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतो ना आपण. मग पाळण्यात घातलं कधी ते पण छापा की. पुढचा ड्राफ्ट नोव्हेंबरात आहे, तक्ता परत येईलच तुमचा. एकच कॉलम वाढतो. जागा कमी पडत असेल तर वजनाचा काढलात तरी चालेल, ते तसंही छापून येईपर्यंत बदललेलं असतं.

आपली,
एक वाचक (आणि गोल अंपायर), मेलबर्न