उद्यमबागच्या पोरांच्या हाती हॉकी स्टिक द्या

मा. क्रीडामंत्री, कर्नाटक शासन, यांस
स. न. वि. वि.

बेळगावला हॉकी नवी नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात आपले बंडू पाटील होते. गोलरक्षक शंकर लक्ष्मण, बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. पण ज्यांच्या घरात ही नावं कधी निघतच नाहीत, अशा मुलांसाठी मी हे लिहितोय.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेले कामगार राबतात. त्यांची पोरं संध्याकाळी रिकाम्या प्लॉटवर खेळतात. चौघांत एकच स्टिक, तीही मधोमध तडकलेली, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. दोन फटके मारले की पुढच्याची पाळी. बाप शिफ्टला, आई कुणाच्या तरी घरी कामाला. खेळाचं बघणार कोण?

परमुलखात गेलेल्या पहिल्या पिढीचा सगळा जीव पोटामागे जातो. पूर्व आफ्रिकेत गेलेल्या पंजाब्यांनी हॉकी सोबत नेली आणि त्यांच्या मुलांच्या जोरावर केनिया १९७१ च्या पहिल्या विश्वचषकात चौथा आला. कॅनडातली हॉकी मात्र बर्फावरची, गावाकडे कुणी पाहिलेलीही नाही. पंजाबी तिथे विसाव्या शतकाच्या आरंभीच लाकडाच्या गिरण्यांत राबायला गेले. पण नॅशनल हॉकी लीग या तिथल्या मोठ्या आइस हॉकी स्पर्धेत त्यांच्यातला पहिला खेळाडू, रॉबिन बावा, उतरायला १९८९ उजाडलं. २००८ मध्ये सामन्यांचं पंजाबी समालोचन सुरू झालं, तेव्हा कुठे घरातल्या म्हाताऱ्यांनाही तो खेळ आपल्या भाषेत ऐकायला मिळाला.

इतकी वर्षं आपण का थांबायचं, साहेब?

वस्तीजवळच्या सरकारी शाळांत स्टिक, बूट आणि गोलकीपरचे पॅड ठेवा, मुलांना वापरायला द्या. पॅडचं मुद्दाम सांगतो, कारण तो संच मजुराच्या आवाक्यातला नाही आणि पॅडशिवाय कुठल्याही पोराला गोलात उभं करणं धोक्याचं. हॉकी शिबिरांची माहिती कन्नड-मराठीबरोबर हिंदीतही द्या, म्हणजे आईबापांना ती वाचता येईल. बापाचं काम बदललं की पोराची शाळा बदलते. म्हणून नोंदणी शाळेच्या नव्हे, मुलाच्या नावावर ठेवा. तो बेळगावजवळच्या मच्छेला गेला तर तिथल्या मैदानावर त्याला परत पहिल्यापासून सुरुवात करायला लावू नका.

आणि निवड चाचणीची घाई करू नका. आधी दोन हंगाम त्यांना नुसतं खेळू द्या.

आपला,
बेळगावचा एक हॉकीप्रेमी