वाड्याचं लाकूड विकण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

वाईच्या वाड्याचं लाकूड बघायला माणूस येऊन गेला, खांबांचे आणि तुळयांचे रोख पैसे द्यायला तयार आहे, हे आईनं सांगितल्यापासून मन थाऱ्यावर नाही. बाबा, तुमची अडचण मला कळते. छप्पर गळतंय, तुमचे गुडघे साथ देत नाहीत, काकांना वाटणीचं एकदाचं मिटवायचंय. तरीही माझं एक मागणं आहे. ते का, हे कळायला मी इथे अमेरिकेत, व्हर्जिनियात काय करते ते सांगायला हवं. फोनवर "जुनी घरं दुरुस्त करते" याच्या पुढे कधी जाणं होत नाही.

इथल्या शेनान्डोआ नदीच्या खोऱ्यात ओंडक्यांची घरं अजून पुष्कळ आहेत. १६३८ पासून डेलावेअर नदीकाठी वसलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी ही बांधणी या देशात आणली. मग पेनसिल्व्हेनियातले जर्मन आणि आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टरहून आलेली कुटुंबं दक्षिणेला सरकत या खोऱ्यात उतरली, तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली. चौरस तासलेले ओंडके एकावर एक रचायचे आणि कोपऱ्यात खाचा करून एकमेकांत अडकवायचे. भिंतीला खिळा नाही. चांगल्या कारागिराच्या खाचेला असा उतार असतो की पाणी आत न मुरता बाहेर निथळतं, आणि वरचा भार सांध्याला आणखी घट्ट बसवतो.

पुष्कळदा घर ओळखूच येत नाही. पुढच्या पिढ्यांना ओंडके गावंढळ वाटले, म्हणून त्यांनी वरून फळ्या ठोकल्या. त्या काढल्या की आत कुऱ्हाडीचे घाव जसेच्या तसे दिसतात. लाकूड पांढऱ्या ओकचं, नाहीतर चेस्टनटचं. चेस्टनटवर १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात बुरशीचा रोग आढळला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेतली जवळजवळ सगळी मोठी झाडं गेली. ते लाकूड हवं असेल तर पडलेल्या जुन्या इमारतीतूनच मिळवावं लागतं. आपल्या खांबांचं सागवानही आज वखारीत मागून मिळणार नाही, बाबा.

माझे वस्ताद सत्तरीच्या पुढचे आहेत. सगळं आयुष्य त्यांनी या घरांत आणि बार्नमध्ये घालवलं. बार्न म्हणजे शेतातलं मोठं कोठार. इकडची बरीचशी उताराला टेकून बांधलेली, खाली गुरं आणि वर गवत-धान्य, गाडी टेकाडावरून थेट वरच्या मजल्यात. त्यांचा सांगाडा खुंट्यांवर उभा असतो, आणि वस्तादांनी मला पहिल्यांदा शिकवली ती खुंटीच. कुसवातलं, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या लाकडाच्या टोकातलं, भोक मुद्दाम सूतभर सरकवून पाडायचं. मग वाळक्या ओकची खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत जाते आणि कुसू खाचेत ओढून घेते. शंभर-दीडशे वर्षांनीही असा सांधा हलत नाही. मी बोटं फिरवून बघते तेव्हा ज्यानं तो केला त्याच्याविषयी मनात फार आदर दाटून येतो.

कुजतो तो बहुधा सगळ्यात खालचा ओंडका. वस्ताद लाकडी हातोडीनं ठोकत जातात, आवाज बद्द आला की तिथे आरी टोचतात. आरी जिथवर सहज शिरते तिथवरच लाकूड काढायचं आणि नवा तुकडा जोडायचा. भिंत जॅकवर घेऊन सूत-सूत उचलायची, घाई केली की वरचे सांधे तडकतात. सगळ्यात जास्त नासधूस पाहिली ती सिमेंटची. ओंडक्यांमधल्या फटी पूर्वी दगडगोटे, माती आणि चुन्यानं भरायचे, ओल आली तरी सुकायची. त्या जागी कुणी सिमेंट भरतं, ते लाकडापासून सुटतं, फटीत पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. बाहेरून भिंत ठणठणीत, आत भुसा.

आणि उतरवायची वेळ आलीच तर आधी क्रमांक. प्रत्येक ओंडक्यावर पत्र्याचा बिल्ला, कुठली भिंत, खालून कितवा. त्याचाच नकाशा, त्याचेच फोटो. बार्न बांधणारे सुतार स्वतःच सांध्यांवर पटाशीनं रोमन आकडे कोरायचे, कारण प्रत्येक कुसू त्याच्या ठरलेल्या खाचेतच बसतं. केंटकीत लिंकनच्या जन्मस्थानी ग्रॅनाइटचं स्मारक आहे, आत त्याच्या जन्माची म्हणून एक झोपडी ठेवली आहे. तिचे ओंडके सुटे करून प्रदर्शनांत फिरवले, गोदामात टाकले, शेवटी झोपडी स्मारकात मावावी म्हणून आखूड केली. २००४ मध्ये लाकडाची वर्तुळं मोजली, तर सगळ्यात जुना ओंडका १८४८ च्या सुमाराचा निघाला. लिंकनचा जन्म १८०९ चा. आता तिथले अधिकारीच तिला प्रतीकात्मक म्हणतात. एकदा सुटं झालेलं लाकूड आपलं घर सांगू शकत नाही. आपले खांबही कुणाच्या तरी हॉटेलात जाऊन उभे राहतील आणि ते ओसरीचे की माजघराचे, कुणाला कळणार नाही.

म्हणून मागणं एवढंच, दिवाळीपर्यंत एकही खांब हलू देऊ नका. पैशांची निकड असेल तर मोकळेपणानं सांगा, मी पाठवते. काकांशी मी स्वतः बोलते, त्यांचा हिस्सा बुडणार नाही.

तोवर पावसाच्या आत छपरावर जाड ताडपत्री घट्ट बांधून घ्या आणि मागची पन्हळ साफ करून घ्या. तळखड्यांभोवती साचलेली माती काढायला लावा. खांब जमिनीच्या ओलीपासून वर राहावा म्हणूनच आपल्या लोकांनी दगडाचा तळखडा घातला, तोच मातीत बुडाला तर उपयोग काय? आणि कुणी कितीही आग्रह केला तरी खांबांच्या बुडाशी सिमेंट थापू देऊ नका. आई, तुझ्या मोबाइलवर प्रत्येक खांबाचे आणि वरच्या जोडाचे फोटो काढ, ओसरीपासून सुरुवात करून उजव्या हातानं फिरत जा, म्हणजे क्रम चुकणार नाही. गावातल्या सुताराला बोलावून खांब ठोकून बघायला सांगा. बद्द वाजेल तिथे खडूनं फुली मारा, बाकी मी आल्यावर बघते.

वस्तादांनी महिन्याची रजा दिली आहे, तिकीट या आठवड्यात काढते. त्या माणसाला तेवढं सांगून टाका की दिवाळीआधी काही ठरत नाही.

तुमची लेक