नुकुफेताऊची एक जागा

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

बाबा, गिरीश बापट गेल्यावर पुण्याची लोकसभेची जागा रिकामीच राहिली, उच्च न्यायालयाने निवडणूक घ्या म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, यावर तुम्ही अजून चिडता. म्हणून प्रशांत महासागरातल्या तुवालू या छोट्या बेटदेशातली २०१३ची पोटनिवडणूक सविस्तर लिहिते. तिथे एका रिकाम्या जागेपायी सरकार गेलं.

आधी हिशेब बघा. तुवालूच्या संसदेत तेव्हा १५ खासदार होते: सात बेटांचे दोन-दोन आणि नुकुलाएलाएचा एक. पक्ष नाहीतच, निवडून आल्यावर जुळवाजुळव होते. पंतप्रधान विली तेलावींकडे ८, समोर ७. २१ डिसेंबर २०१२ला अर्थमंत्री लोटोआला मेटिया वारले, ते नुकुफेताऊचे. झालं, ७-७.

नुकुफेताऊ हे हजाराच्या आत वस्तीचं प्रवाळबेट. विमान फक्त राजधानी फुनाफुतीला उतरतं, बाकी बेटांवर माणसं आणि सामान बोटीनेच जातं. पण तिथली पोटनिवडणूक रखडली ती बोटीमुळे नाही. नुई बेटाची जागा जुलै २०११मध्ये मंत्री इसाइया इतालेली वारल्याने रिकामी झाली, तेव्हा २४ ऑगस्टला मतदान उरकलंसुद्धा. त्यांची पत्नी पेलेनिके निवडून आल्या आणि तेलावींचं बहुमत टिकलं. (आई, तुवालूच्या संसदेतल्या त्या दुसऱ्याच बाई.) नुकुफेताऊची गोष्ट वेगळी. तिथल्या फालेकाउपुलेने, म्हणजे ज्येष्ठांच्या सभेने, मेटियांकडेच पूर्वी राजीनामा मागितला होता. जागा हातची जाणार हे दिसत असावं, म्हणून सरकारकडून मतदानाची सूचनाच निघेना. आपल्याकडे निदान सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे आणि तारीख निवडणूक आयोग ठरवतो. पुण्यात ती पाळली गेली नाही, हा भाग निराळा.

विरोधक कोर्टात गेले. २४ मे २०१३ला उच्च न्यायालयाने सूचना काढण्याचा आदेश दिला, २८ जूनला मतदान झालं आणि विरोधकांचे एलिसाला पिटा जिंकले. आता ८-७, पण उलट्या बाजूने.

तरी सरकार पडेना. अविश्वास ठराव आणायचा तर संसद भरायला हवी, आणि तेलावी म्हणाले, वर्षातून एकदा बोलावणं एवढंच बंधन आहे, म्हणजे डिसेंबरपर्यंत थांबा. शेवटी गव्हर्नर जनरल, म्हणजे तिथले ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी, इआकोबा इतालेलींनी राखीव अधिकार वापरून ३० जुलैला संसद बोलावली. त्या दिवशी सभापती कामुता लातासींनी ठराव घेऊच दिला नाही. वर आरोग्यमंत्री ताओम तानुकालेंनी खासदारकीचा राजीनामा दिला. आपलाच माणूस कमी करून काय मिळवलं, असं आई विचारेल. तानुकाले नुईचे, आणि तेलावींचा युक्तिवाद असा की नुईची जागा भरेपर्यंत संसदेने दुसरं काही करायचंच नाही! आधी पोटनिवडणूक टाळून वेळ काढला, आता पोटनिवडणुकीच्या नावाने काढायचा होता. नियमांच्या आडून खेळलेला इतका उघड डाव मी दुसरा वाचलेला नाही.

१ ऑगस्टला गव्हर्नर जनरलनी तेलावींना पदावरून काढलं आणि विरोधकांचे नेते एनेले सोपोआगांना हंगामी पंतप्रधान नेमलं. माझ्या मते खरा निवाडा त्यापुढचा, कारण तो सभागृहात झाला: ४ ऑगस्टला सोपोआगा ८ विरुद्ध ५ मतांनी निवडून आले. नुईचं मतदान १० सप्टेंबरला झालं, तोवर नवं सरकार कामाला लागलं होतं.

तुमची लेक