काका, तो 'च' काढल्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार. तुमचा फोन अजून बटणवालाच असेल, त्यामुळे तुमच्या अभ्यासिकेतलं कोणीतरी पोरगं हे वाचून दाखवेल या आशेवर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही. सदाशिव पेठ, खिडकीजवळचा २७ नंबर, तो मी.

राज्यसेवेची प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, माझी अडीच मार्कांनी गेली होती. ज्यांनी दिलीय त्यांना कळेल, जीएसला, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरला, उत्तर बरोबर आलं की दोन मिळतात आणि चुकलं की अर्धा कट, म्हणजे अडीच मार्क म्हणजे बरोब्बर एक प्रश्न. तो कुठला तेही मला पाठ होतं, बी डोक्यात आलेलं आणि गोल केला सी. चार दिवस खोलीतून हललो नाही, मेसचा डबा जसाच्या तसा परत जायचा. पाचव्या दिवशी पुस्तकं उचलायला आलो तर तुम्ही काही न विचारता पेरूगेटकडे चहाला घेऊन गेलात.

मी बडबडत होतो आणि तुम्ही फीच्या पावतीच्या मागे काहीतरी लिहीत होतात. मला वाटलं हिशोब करताय. मग ती पावती पुढे सरकवली तर त्यावर माझीच वाक्यं. 'प्री निघायलाच हवी होती.' 'घरी तोंड दाखवूच शकत नाही.' 'मी बिनकामाचाच आहे.' प्रत्येक 'च'भोवती गोल. म्हणालात, "एवढे तीन च काढ आणि परत वाच."

खरं सांगतो, तेव्हा डोकं फिरलं होतं माझं. इथे माणूस बुडतोय आणि हे व्याकरण शिकवतायत. पण वाचलं. 'प्री निघायला हवी होती.' वाईट वाटतच होतं, पण गळ्याभोवतीचा फास सैल झाला हो जरा.

मग तुम्ही अल्बर्ट एलिसचं सांगितलंत, अमेरिकेतला सायकॉलॉजिस्ट, १९५५ च्या सुमारास त्याने ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, म्हणजे 'असंच व्हायला हवं' हा विचारातला हट्ट शोधून सोडायचा. एकोणिसाव्या वर्षी पोरींशी बोलायला जाम घाबरायचा, तर न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बागेत जाऊन महिनाभरात शंभरेक अनोळखी बायकांशी स्वतःहून बोलला. डेट ठरली एकच आणि ती पण आली नाही! पण नकाराने आपण मरत नाही हे कळलं आणि भीती गेली. मी चार दिवसांत पहिल्यांदा हसलो तो तिथे.

व्हॉट्सॲपवर रोज सकाळी पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होईल असं येतं ना, त्याचा मला अजूनही वैताग येतो. तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. वाईट वाटू दे, वाटायलाच पाहिजे, वर्ष गेलंय तुझं, फक्त वाईट वाटणं वेगळं आणि स्वतःला मोडीत काढणं वेगळं, एवढंच म्हणालात. दोनशे पानी वही दिलीत, पानावर तीन रकाने, घटना, विचार, परिणाम. मी मधला रकाना रिकामा सोडायचो, कारण मला वाटायचं की घटना घडली म्हणून त्रास झाला, संपलं. तुम्ही रोज वही बघून मधल्या रिकाम्या जागेवर नुसतं बोट ठेवायचात. तो रकाना भरायला शिकायला मला तीन महिने लागले, आणि काही पानं तर इतकी बाळबोध आहेत की आज वाचताना लाज वाटते.

पुढची प्री पण निघाली नाही, हे इथे सांगून टाकतो, नाहीतर लोकांना वाटेल साहेब झालो. आता नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. पण त्या दुसऱ्या रिझल्टला बाबांचा फोन आला तेव्हा कट नाही केला. आदल्या वर्षी त्यांचे अकरा मिस्ड कॉल होते. या वेळी उचलला आणि म्हणालो, बाबा, नाही झालं, वाईट वाटतंय, जेवून परत करतो फोन. आणि जेवलो, आणि केला. बाबा मग तासभर कांद्याच्या भावावर बोलत होते. असा बोलणारा मी कधी झालो ते मलाही नीट कळलं नाही, त्या वहीत रोज चार ओळी खरडता खरडता झालो असणार.

वही इथेच आहे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, पावती तिच्यात. दिवाळीत पुण्याला येतोय. त्या मे-जूनची फी तुम्ही घेतली नव्हती, नंतर बघू म्हणाला होतात, ती घेऊन येतो. चहा मात्र तुमच्याकडून.