'करुणा' हे ख्रिस्ती नाव नव्हे काय?

महोदय,

आमच्या नातीचे नाव स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, वेळी 'करुणा' ठेवले, तेव्हा नात्यातल्या एका वयोवृद्ध बाईंनी 'हे काही ख्रिस्ती नाव नव्हे' म्हणून नाराजी दाखवली. पुढे मुंबईतल्याच एका कचेरीत अर्ज पाहून कारकुनाने विचारले, 'नाव तर आपले दिसते, मग ख्रिस्ती कसे?' आक्षेप उलटसुलट असले तरी दोघांचीही समजूत एकच, की माणसाची श्रद्धा त्याच्या नावावरून ओळखावी.

पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, ही समजूत मान्य दिसत नाही. आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकांपैकी अपुल्लोस याचे नाव ग्रीकांच्या अपोलो देवावरून आलेले. तरी प्रेषित पौलाच्या पत्रांत ते जसेच्या तसे येते. खुद्द पौलाचे 'शौल' हे नाव धर्मांतरामुळे बदलले असे आपण सर्रास सांगतो, पण बायबलमधले 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचल्यास त्याला दोन्ही नावे होती एवढेच कळते. दानिएलावर तर बाबेलच्या दरबाराने परक्या देवाची खूण असलेले नाव लादले, त्याने त्याची प्रार्थना काही थांबली नाही.

देव नाव बदलतो तेव्हा त्यामागे सोपवलेले काम असते. अब्रामाचा अब्राहाम झाला तो अनेक राष्ट्रांचा पिता होण्यासाठी, आणि शिमोनाला (प्रेषित पेत्राला) 'केफा', म्हणजे खडक, हे नाव मिळाले तेव्हा त्याच्या अंगी खडकाचा गुण अजून यायचाच होता. मला मात्र सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो योहानाच्या शुभवर्तमानातील रिकाम्या कबरेजवळचा प्रसंग: मरीया मग्दालिया समोर उभ्या असलेल्या येशूला माळी समजते आणि त्याने 'मरीये' अशी हाक मारताच त्याला ओळखते. मरीया नावाच्या स्त्रिया तेव्हा घरोघरी होत्या. ओळख पटली ती हाक मारणाऱ्यामुळे.

कॅथलिक धर्मसंहितेतही १९१७ साली संताच्या नावाचा आग्रह होता. १९८३च्या संहितेत नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढीच अपेक्षा आहे. १८९५ साली मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक तर अखेरपर्यंत नारायणच राहिले. संताचे नाव ठेवू नये असे माझे म्हणणे नाही. त्या संताचा आदर्श आणि मध्यस्थी मुलाला लाभावी, ही त्यामागची भावना मोलाचीच आहे. परंतु संताच्या चरित्रातली एक ओळही ठाऊक नसताना केवळ रिवाज म्हणून ठेवलेल्या नावापेक्षा, अर्थ जाणून ठेवलेले 'करुणा' मला शुभवर्तमानाच्या अधिक जवळचे वाटते. स्नानसंस्कारापूर्वीच्या तयारीत धर्मगुरूंनी पालकांना नाव कोणत्या भाषेतले, यापेक्षा ते का निवडले, हे विचारावे, अशी विनंती आहे.

— एक वाचक, माहीम, मुंबई